लाल रेघेची घोंगडी

लासूर स्टेशनच्या बाजारात ती स्वतः विणलेल्या घोंगड्या विकते. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. तिच्याशी घासाघीस करायची माझी अजून हिंमत झालेली नाही. "टोचती की," असं कुणी म्हटलं, की ती त्याला हाताला धरून घोंगडीवर बसवते. "टोचंलच. मेंढराची लोकर हाय, कापूस नाय." प्रत्येक घोंगडीच्या काठाला लाल रेघ असते. ती तिच्या गावची खूण. गावात आता माग तेवढा तिचाच उरलाय.

ऐन उन्हाळ्यात, घोंगडीला कुणी विचारत नसताना, शहरातला एक दुकानदार सगळा माल घ्यायला तयार झाला. "लाल रेघ काढा आणि ह्या शिवा," म्हणत आपल्या दुकानाच्या नावाच्या कापडी पट्ट्या देऊन गेला. तिनं त्या ठेवून घेतल्या. आम्हाला वाटलं, मावशी नमली.

पुढच्या बाजारी तो टेम्पो घेऊन आला. घोंगड्यांची लाल रेघ तशीच होती. शेजारी खुंटाला मेंढा बांधलेला, आणि त्याच्या गळ्यात सगळ्या पट्ट्यांची माळ.

"तुमचं नाव लावलंय, मालक," मावशी म्हणाली. "ह्यो इकायचा हाय. गाव इकायचं नाय."