रिकाम्या टेम्पोचं निदान

माझी थोरली बहीण बोर्ली पंचतनच्या बाजारात मासळी विकते. जेट्टीवरून माल आणायला घरचा छोटा टेम्पो आहे, भावोजी चालवतात. गेल्या वर्षी हा टेम्पो भर रस्त्यात बंद पडायला लागला. बाजारात जागेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. चार-दोनदा उशीर झाला की तिथे दुसरी कुणी पाटी मांडून बसते, आणि एकदा बसली की उठत नाही.

मी गाड्यांचं वायरिंग करतो. पण मेहुण्याला विचारण्यात कमीपणा, म्हणून भावोजी अलिबागच्या एका गॅरेजात गेले. तिथे काचेचं दार आहे आणि स्कॅनर आहे. त्या स्कॅनरचं काय ते कौतुक! त्याने एका सेन्सरचं नाव दाखवलं, गॅरेजवाल्या महाशयांनी सेन्सर बदलला. अहो, स्कॅनर एवढंच सांगतो की तिकडून येणारा सिग्नल बिघडलाय. तो सेन्सरमुळे की तारेमुळे, हे मीटर लावून शोधायचं असतं. पण मीटर लावायला गाडीखाली वाकावं लागतं. आठवड्यात टेम्पो पुन्हा बंद. मग आणखी एक सेन्सर, मग अख्खं कंट्रोल युनिट. दर वेळी भावोजी नव्या पार्टचा खोका पेढ्यांच्या पुड्यासारखा मिरवत घरी यायचे.

शेवटी ताईनेच फोन केला. "रिकामा असला की घोड्यावानी पळतो रे. माल भरला की मरतो. माझी जागा जाईल आता."

"मग माल भरून नेला का कधी गॅरेजात?"

"न्हाय रे. वास मारतो म्हणतात. धुऊन, सुकवून आणा म्हणतात."

मी कपाळावर हात मारला. ताप उतरल्यावर रोग्याला तपासणारे हे डॉक्टर!

मी टेम्पो मासळी आणि बर्फासकट माझ्या दारात उभा करायला लावला. इंजिन चालू ठेवून सेन्सरच्या तारांना मीटर लावला. थोड्या वेळाने आकडे वेडेवाकडे नाचायला लागले. खाली वाकून बघतो तर हौद्याच्या तळाला एक भोक, आणि त्यातून बर्फाचं खारट पाणी थेट सेन्सरच्या कपलरवर, म्हणजे तारा जोडायच्या खटक्यावर ठिबकतंय. आतल्या पिना गंजून हिरव्यागार. पार्ट बदलताना गॅरेजवाल्यांनी दर वेळी तो कपलर काढला, पुसला, परत बसवला. म्हणून चार दिवस गाडी बरी चालायची.

"हे भोक कुणी पाडलं?"

"मीच," भावोजी छाती फुगवून म्हणाले. "पानी साचत न्हाय, वास येत न्हाय. सोय हाय की न्हाय?"

मी भोक बुजवलं, पाण्याला मागच्या बाजूने नळी काढून दिली आणि नवा कपलर टाकला. त्यानंतर टेम्पो एकदाही बंद पडलेला नाही. भावोजी गावभर सांगतात की अलिबागच्या युनिटला जरा वेळ लागला, पण गुण आला.

सांगू देत. मला राग येतो तो ताईसाठी. तिची जागा तोवर गेली होती. आता ती बाजाराच्या मागच्या टोकाला, गटाराशेजारी बसते. टेम्पो रोज वेळेवर पोचतो, तिच्या जुन्या जागेवरूनच पुढे जातो, आणि आत बसलेली ताई तेवढ्यापुरती दुसरीकडे बघते.