पीरसाहेबांच्या कुर्त्यावरची हळद

कुर्ता अब्बांच्या तोंडावर फेकला. धुतलेला, नीळ दिलेला, कडक इस्त्रीचा. फेकणारा शेठचा थोरला मुलगा. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा असेल. अब्बा त्याच्या बापाच्या वयाचे.

"अंधा है क्या रे धोबी? हजरत के कुर्ते पे निशान डालता?"

निशाण म्हणजे बिब्ब्याची खूण. गळपट्टीच्या आतल्या बाजूला, तिळाएवढी. धोबी ती घालतोच. पन्नास घरचे कपडे एका भट्टीत गेल्यावर कुणाचं काय ते कळणार कसं? वकिलाच्या सदऱ्याला असते, डॉक्टरच्या असते. पण पीरसाहेबांच्या कुर्त्याला आमचा हात लागलाय, हे दिसता कामा नये.

अंगणात शंभरेक माणसं होती. त्यांच्यासमोर अब्बांना कान धरून उठाबशा काढायला लावल्या. दहा. आयुष्यभर पाण्यात उभं राहून अब्बांचे गुडघे गेलेले. तरी काढल्या. मी पाठीमागे गाठोडं घेऊन उभी. सतरा वर्षांची. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. सगळे गंभीरपणे माना डोलवत होते, पुण्याचं काम चालल्यासारखे. मशिदीत सगळे एका रांगेत उभे राहतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या अंगणात रांग नव्हती. वर माडीवर पीर होता आणि खाली आम्ही.

सोलापुरात दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. शेठचा चादरींचा कारखाना होता, आणि माडीवर बाहेरगावाहून आलेले हे पीरसाहेब चिल्ल्याला बसले होते. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस एकांतात बसून इबादत. रोज मगरिबला, सूर्य बुडाल्यावर, एक खजूर आणि घोटभर पाणी, बाकी अन्नाचा कण नाही, असं शेठची माणसं गल्लोगल्ली सांगत होती. वली हायेत, पोचलेले हायेत. मुरीद, म्हणजे शिष्य, व्हायला रीघ लागली होती.

खुणेच्या प्रकारानंतर शेठनं आम्हांला नवे नियम घालून दिले. हजरतांचे कपडे वेगळे धुवायचे. तांब्याच्या नव्या घंगाळात. वजू करून, म्हणजे नमाजाआधीसारखे हातपाय-तोंड धुऊन. आणि कपडे भिजवलेलं पहिलं पाणी फेकायचं नाही. ते कळशीत भरून परत आणायचं. ते तबर्रुक, म्हणजे प्रसाद, म्हणून वाटलं जाई. एकेक चमचा. आजाऱ्याला, वांझेला, भुतानं धरलेल्याला. हिंदू-मुसलमान दोन्ही घेत. आमच्या हाताची खूण चालत नव्हती. आमच्या हातनं निघालेलं मळकं पाणी चालत होतं.

नंतरच्या जुम्याला, शुक्रवारी, कपडे आले. कुर्त्याच्या उजव्या बाहीला पिवळा डाग. घेऊन आलेला नोकर म्हणाला, केशराचं अत्तर सांडलं. पहिलं पाणी काढून ठेवलं आणि मी डागाला सोडा लावला. डाग लाल झाला.

लालभडक.

हळदीच्या डागाला साबण-सोडा लागला की तो लाल होतो. अत्तर होत नाही. मी बाही नाकाला लावली. तेलाचा, तळलेल्या कांद्याचा, रश्श्याचा वास. उपासाचा सोळावा दिवस होता.

"अब्बा, ये सालन है."

अब्बांनी पाहिलं.

"धो," म्हणाले. "धोबी कू दाग दिखता, बेटी. बोलना उसका काम नै."

मी धुतला. तो डाग मी माझ्या हातानं धुतला, ही गोष्ट मी कधी लपवलेली नाही. पुढच्या जुम्यालाही धुतला. तेव्हा खालच्या घेरावर रश्श्याचा ओघळ होता.

मग आपा आली. माझी थोरली बहीण. तिला मंद्रूपला दिली होती. दहा महिन्यांचं पोरगं घेऊन माहेरी आली आणि तिसऱ्या दिवशी पोराला जुलाब-उलट्या लागल्या. अम्मानं पहिल्या पाण्याचा तांब्या भरून ठेवलाच होता. तीस वर्षं लोकांचा मळ उपसलेली बाई. कुणाच्या कपड्यात काय असतं हे अम्माएवढं कुणाला ठाऊक? तीच नातवाच्या तोंडात ते पाणी चमच्यानं घालत होती.

"शिफा होती. अच्छा होता. सबर कर."

दोन दिवस सबर केला. पोराचे डोळे आत गेले. रडायचं, पण डोळ्यांतून पाणी येईना. मी तांब्या उचलला आणि मोरीत ओतला. अम्मानं माझ्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा. मी पोर उचललं आणि पळत सुटले.

गल्लीच्या तोंडाशी आमची पत्र्याची मशीद. तिथले मुल्लाजी नमाज पढवायचे आणि पोटासाठी छत्र्या दुरुस्त करायचे. सोलापुरात छत्र्या! पाऊस बघायची मारामार. पण तेवढ्यावर भागवायचे. त्यांचे कपडे आमच्याकडे कधी आले नाहीत. दोनच जोड होते. जुमेरातला, गुरुवारी, स्वतः धुवायचे आणि वाळेपर्यंत लुंगीवर बसायचे. माझ्या हातातलं पोर बघून त्यांनी हातातली छत्री टाकली आणि टांगा थांबवला.

सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं. दोन दिवस, दोन रात्री. आपा पोराजवळ बसून. मुल्लाजी व्हरांड्यात बसून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर गेले, तर तिथं उकिडवे बसून ते पोराचे घाणीनं भरलेले कपडे धूत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मुल्लाजी, छोडो. हमारा काम है ये."

"मैल कू जात होती क्या, बेटी?" ते म्हणाले, आणि पिळून झटकलं एकेक.

पोर वाचलं.

घरी आले तर दारात बायकांची गर्दी. अम्मा मधोमध. हजरतांच्या पाण्यानं नातू वाचला, असं सांगत होती. सलाईनचं नाव नाही. डॉक्टरचं नाव नाही. मुल्लाजींचं तर नाहीच. शेठच्या घरून निरोपही आला होता: चाळिसाव्या दिवशी जलशात, म्हणजे सांगतेच्या सभेत, अम्मानं उभं राहून साक्ष द्यायची. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आता गावभर जुलाब लागलेल्या प्रत्येक पोराच्या तोंडात तेच पाणी जाणार, आणि ते आमच्या पोराच्या नावावर.

मी मुल्लाजींना गाठलं. विचारलं, "सच्चा वली कैसा पैचानते?"

"मेरेकू क्या पूछती? मैं छत्रीवाला." मग तार वाकवता वाकवता म्हणाले, "अल्लाह का दोस्त है वो. दोस्ती का ढोल कोन पीटता? करामत देखनेकू नक्को जाव. सच बोलता क्या, हलाल खाता क्या, अपने से कमजोर से कैसा बोलता, इत्ता देखो."

मी म्हणाले, मग तुम्हीच वली. ते असे चिडले! त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं. "फिरसे बोली तो मशीद छोडके जाऊंगा," म्हणाले.

चाळिसावा दिवस. बायका पडद्याच्या अलीकडे. हजरतांनी अंगात घातलेला शेवटचा कुर्ता न धुता ताटात घालून फिरवत होते. बायका चुंबत होत्या, डोळ्यांना लावत होत्या. माझ्या मुठीत ओला सोडा होता. ताट माझ्याजवळ आलं. बाहीवर पिवळं होतंच. मी मूठ उघडली आणि चोळली. सगळ्यांना दिसेल अशी बाही वर धरली. लाल.

"देखो! हल्दी है ये! सालन खाता तुम्हारा हजरत!"

तिथली एकेक बाई रोज घरी हळदीचे डाग धुणारी. एकीलाही माहीत नव्हतं असं नाही. आणि मग एक म्हातारी किंचाळली,

"खून! हजरत के कुर्ते से खून निकल्या!"

"करामत! करामत!"

बायका त्या बाहीवर तुटून पडल्या. रडत होत्या. त्यांच्यात माझी अम्मा होती. तिनं ते लाल बोटानं कपाळाला लावलं. मला कुणीतरी केसांना धरून बाहेर ओढलं. शेठच्या मुलानं कानाखाली दिली. पीरसाहेब पडद्यापलीकडून हात वर करून दुवा देत होते. ज्या डागानं तो माणूस उघडा पडायचा, त्याच डागानं तो वली झाला.

दुसऱ्या दिवशी नोकर गाठोडं घेऊन आमच्या दारात. एवढं होऊनही कपडे धुवायला आम्हीच.

"हजरत बोले, छोकरी नादान है. उनो माफ कर दिये. धो डालो."

अब्बा इस्त्रीवरून उठले. मला वाटलं, घेतील. बारा घरं शेठच्या नात्यातली, आमचं निम्मं पोट त्यांच्यावर. अब्बांनी गाठोडं उचललं आणि नोकराच्या खांद्यावर ठेवलं. मी बोलले.

"उनकू बोलो, मैं माफ नै करी."

बाराही घरं गेली. आम्ही अर्धपोटी राहिलो. अम्मा माझ्याशी वर्षभर धड बोलली नाही. मी नमाज सोडली नाही, रोजे सोडले नाहीत. अल्लाहशी माझं भांडण नव्हतं.

आता त्या माणसाची कबर आहे. वर घुमट, दरसाल उरूस. चादर चढवायला चला म्हणून लोक येतात. मेलेल्या माणसावर राग धरू नये, माफ कर, म्हणतात. आमचं पोर तर वाचलं होतं. पण ते पाणी पुढं कितीतरी घरांत गेलं. दवाखान्याच्या वाटेवरून किती आया माघारी फिरल्या, त्यांची किती पोरं गेली, कुणी विचारलं नाही. त्या पोरांच्या वतीनं माफी देणारी मी कोण? मी माफ केलेलं नाही. करणार नाही.