खाडीत गेलेलं घर

पनवेलला आमचं ऑफिस फरसाणाच्या दुकानावर. खालून दिवसभर शेवेचा वास येतो आणि वर आम्ही बिल्डर लोकांसाठी जमिनीचे नकाशे दाखवणारं सॉफ्टवेअर करतो. त्यासाठी भूमितीची लायब्ररी लागते, म्हणजे बिंदू, रेषा, क्षेत्रफळ यांचा तयार कोड. ती मी स्वतः लिहायला घेतली तेव्हा मॅनेजरबाईंनी कपाळाला हात लावला.

"अरे, नेटवर फुकट मिळते!"

मिळते. पण त्या फुकटच्या कोडात फुटात मीटर मिसळले तरी कुणी हूं की चूं करत नाही, आणि असला गलथानपणा बघितला की माझं डोकं फिरतं. माझ्या लायब्ररीत प्रत्येक आकड्याला टाइप होता, म्हणजे आपण कोण, कुठले हे त्याने आधी सांगायचं. जागा वेगळी, अंतर वेगळं. जासई गावातून पळस्पे गाव वजा करा, अंतर मिळेल. जासईत पळस्पे मिळवायला गेलात, तर कोड चालण्याआधीच तो तपासणारा कंपायलर तुम्हाला दारातून परत पाठवील. शिवाय सगळं जेनेरिक, म्हणजे एकच कोड फुटांना चालेल, मीटरांनाही चालेल. हे खूळ घरापर्यंत आलं. बायको म्हणाली, "स्टेशन दहा मिनिटांवर आहे," तर मी म्हणालो, "मिनिट हे अंतर नव्हे." त्या संध्याकाळी मला चहा मिळाला नाही.

शेवटी बाईंनी निकाल दिला. गव्हाणच्या गिऱ्हाइकासमोर लायब्ररी नीट चालली तर ठेवायची, नाही तर उडवायची. माझी कित्येक महिन्यांची मेहनत त्या एका दुपारवर टांगली होती. मी जाम घाबरलो होतो.

गिऱ्हाईक म्हणजे पूर्वी मिठागर चालवणारे आणि आता बिल्डर झालेले एक गृहस्थ. भिंतीवर खाडी आणि डोंगराचा नकाशा उमटला आणि त्यावर माझ्या लायब्ररीने त्यांचे प्लॉट मांडले. कंपायलरने एकही तक्रार केली नव्हती, म्हणून मी ऐटीत उभा होतो.

ते पुढे वाकले. "सायेब, आमचं घर खाडीत कसं? भरती आली की आमी काय माळ्यावर झोपायचं?" मग जरा निरखून म्हणाले, "बाजूची चुलत्याची जागा पण पाण्यातच हाय."

नकाशावर उभं अंतर खालून वर मोजतात, स्क्रीनवर वरून खाली. मी फूट-मीटरची कसून चौकशी केली होती, पण मोजायला सुरुवात कुठल्या टोकापासून, हे विचारायचंच राहिलं होतं. त्यामुळे सगळे प्लॉट उलटे पडले. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आपणही खाडीत असतो तर बरं. मी एक दिवस मागून घेतला.

मग नकाशावरचा बिंदू आणि स्क्रीनवरचा बिंदू यांना वेगवेगळे टाइप दिले. त्याबरोबर कंपायलर खवळला. जिथे जिथे दोघांची गल्लत झाली होती तिथे तिथे लाल रेघ. बहुतेक रेघा बाईंनी स्वतः लिहिलेल्या कोडात होत्या. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्या मुकाट्याने दुरुस्त्या करत बसल्या.

दुसऱ्या दिवशी घर डोंगराच्या पायथ्याशी, कोरड्या जमिनीवर होतं. गिऱ्हाइकाने बराच वेळ पाहिलं.

"आता बराबर हाय. फक्त एक काम करा. आमचं आसंच राहू द्या, चुलत्याची जागा तेवढी कालच्यासारखी खाडीत टाका."

"कशाला?" मी विचारलं.

"किती वर्षं आमची भांडणं चाललीत. काल ती पाण्यात बघून जाम बरं वाटलं."

गिऱ्हाईक मोठं होतं. बाईंनी हळूच विचारलं, "जमेल का रे?"

"नाही," मी म्हणालो. "एक जागा नकाशाची आणि एक स्क्रीनची, असं मिसळून कंपायलर घेतच नाही."

गिऱ्हाईक हिरमुसून खाली शेव घ्यायला गेलं. बाई माझ्याकडे वळल्या.

"ठेव तुझी लायब्ररी," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला नाही म्हणणारं या ऑफिसात आजवर कुणी नव्हतं."