शेवंतेच्या रंगासाठी राळेगावकडे

चैत्र-वैशाखात यवतमाळ जिल्ह्यात कोणी हौसेनं जात नाही. मीही गेलो नसतो. पण दिगंबरचं एक चित्र परत आलं, त्या चित्रामागे दिगंबरला जावं लागलं, आणि दिगंबरमागे मला.

दिगंबर माझा शाळेपासूनचा मित्र. यवतमाळला एका शाळेत ड्रॉइंग शिकवतो आणि उरलेल्या वेळात लोकांच्या गेलेल्या माणसांची चित्रं काढतो. जित्या माणसांपेक्षा हे गिऱ्हाईक बरं, हलत नाही, असं त्याचं म्हणणं. मी अमरावतीहून या साप्ताहिकाला वार्तापत्रं धाडतो हे वाचकांना ठाऊक आहे. ठाऊक नसलेली गोष्ट अशी की चाळिशी उलटल्यावर मला जलरंगांचं वेड लागलं. संस्कृत शिकलेल्या माणसाला निसर्ग पाहावा लागत नाही, तो त्याला पाठ असतो. पण कागदावर उतरवायला गेलो की माझं प्रत्येक सरोवर चिखलाचं होई आणि प्रत्येक कमळ त्यात रुते. "सुटीत ये, दोन गोष्टी सांगतो," असं दिगंबरनं कळवलं होतं. म्हणून नेरवरून धुळीची आंघोळ करत यवतमाळ गाठलं, तर हा ओसरीवर बसलेला आणि समोर फडक्यात गुंडाळलेली एक चौकट.

"राळेगावच्या मोटारीचा ड्रायव्हर देऊन गेला," तो म्हणाला. "सोबत निरोप आहे. ही आमची पोरगी नोहे."

फडकं सोडलं. सोळा-सतरा वर्षांची गोरीपान मुलगी, पातळ ओठ, गालांवर गुलाबी झाक. मला चित्र चांगलं वाटलं आणि मी तसं म्हणालो.

"तुला वाटणारच. तुझी चित्रं मी पाहिली आहेत."

हकीकत अशी. राळेगावच्या पलीकडे एका खेड्यात सखारामजी नावाचे शेतकरी आहेत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. त्यांची एकुलती मुलगी शेवंता मागच्या पोळ्याच्या सुमारास तापानं गेली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. वर्षाच्या आतली पहिली घागर मोठी मानाची. त्या दिवशी घागरीमागे शेवंतेचं चित्र असावं, अशी आईची इच्छा. चित्रासाठी होता एकच फोटो, तोही स्थळांना दाखवायला काढलेला. फोटोवाल्यानं पावडर थापून तिला कापसाच्या बोंडासारखी करून ठेवलेली. आणि सखारामजींनी दिगंबरला वर सांगून ठेवलं होतं, रंग उजळ घ्या. आखाजी तोंडावर आली आणि चित्र परत.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. ज्यांना या वाटेनं जायचं असेल त्यांनी पहाटेची मोटार धरावी. नंतरची मोटार ही मोटार नसून भट्टी आहे. नवे पैसे निघाल्यापासून तिकिटाचा हिशेब कंडक्टरलाही येत नाही आणि आपल्यालाही, त्यामुळे दोघंही फसल्याच्या समाधानात बसतात. कळंबला चहा मिळतो. तो गरम असतो, एवढं त्याच्याबद्दल खात्रीनं लिहिता येईल.

चहाच्या दुकानासमोर दिगंबरनं माझी रंगांची डबी उघडली, काळ्या रंगाची वडी नखानं उकरली आणि गटारात टाकली.

"अरे, नवी होती."

"म्हणूनच. जुनी असती तर तुझं सगळं नुकसान होऊन चुकलं असतं." त्यानं समोरच्या रानाकडे हात केला. "ही माती काळी आहे?"

वऱ्हाडातल्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे आईचं नाव विचारण्यासारखं आहे. मी "हो" म्हणालो.

"नीट पाहा."

कापसाच्या पऱ्हाट्या उपटून नेलेलं ओकंबोकं रान होतं. भेगा पडलेल्या. पाहत राहिलो तशी ती माती उन्हाच्या बाजूला तपकिरी व्हायला लागली, ढेकळांच्या सावलीत निळी, आणि भेगांच्या काठावर तर चक्क जांभळी. काळं त्यात कुठंच नव्हतं. आजवर मी ती पाठ म्हणत होतो, पाहत नव्हतो.

मोटारीत मग पुढचा धडा झाला. रंगांच्या तीन जोड्या असतात: तांबडा आणि हिरवा, निळा आणि नारिंगी, पिवळा आणि जांभळा. हे एकमेकांचे वैरी. शेजारी बसवले तर इरेला पेटून दोघंही झळकतात, आणि एकमेकांत कालवले तर दोघांचाही तोरा उतरतो.

"संसारासारखं," मी म्हणालो.

"वहिनींना सांगू का, हे कोण म्हणालं ते?" दिगंबरनं विचारलं. मग म्हणाला, "तोरा उतरलेला रंगच कामाचा असतो. भुरा, मातकट, सावळा, सगळे तिथूनच निघतात. निळ्यात बर्न्ट सायना, म्हणजे भाजल्या मातीचा तांबूस रंग, घाल, जगातली कुठलीही सावली मिळेल. डबीतला काळा घाल, मढं मिळेल. जलरंग पातळ असतो. खालच्या कागदाचा उजेड त्यातून वर यायला हवा. काळा तो उजेडच बुजवतो. पांढराही लावायचा नसतो. पांढरा म्हणजे कागद, तो राखायचा. एकदा गेला की गेला."

मोटारीच्या खिडकीतून पानं झडलेली सागाची झाडं मागे जात होती. दिगंबरच्या मांडीवर ती फडक्यातली मुलगी होती.

राळेगावला सखारामजींची दमणी जुंपून उभी होती. बैल चांगले, वाट वाईट. घर मातीचं, शेणानं सारवलेलं, अंगणात कडुलिंब. सखारामजी उंच, रापलेले, बोलायला चोर. पन्हं आलं, मग ज्वारीची भाकर, वरण, कच्च्या कैरीची चटणी. पाणी मात्र जपून प्यावं लागे. विहिरीनं तळ गाठला होता. त्याच पाण्यातलं एक भांडं दिगंबरनं कुंचल्यांसाठी मागितलं तेव्हा मला शरम वाटली. शेवंतेच्या आईनं, अनसूयाबाईंनी, ते भरून दिलं.

जेवण झाल्यावर त्या चौकटीशी बसल्या.

"मास्तर, तुमाले नावं ठेवत नाई मी," त्या म्हणाल्या. "हात चांगला हाय तुमचा. पन ही कोन हाय?"

"बाई, फोटोवरून काढली."

"थ्या फोटूनंच तं घात केला. पयले डोळे मिटले का पोरगी दिसे. आता हा फोटू दिसते, पावडर लावलेला. रोज थोडी थोडी पुसून राह्यली थे. तुमचं हे चित्र भिंतीवर लागलं तं माही पोरगी उरतच नाई, मास्तर."

सखारामजी दारात होते. "सारं गाव चांगलं म्हनून राह्यलं," ते बाहेर पाहत म्हणाले. "जिती होती तवा जो तो काळी म्हने. तीन स्थळं आली न् पाहून गेली. आता मेल्यावर तरी गोरी होऊ द्या तिले."

"कायले? आता कोन पाहाले येनार हाय?"

अशा वेळी शिकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. मी अनसूयाबाईंना सांगितलं की आपल्या शास्त्रा-काव्यांत सावळी मुलगी फार थोर मानली आहे, सौंदर्याचं नावच तिथे श्यामा आहे.

"मंग थ्या पोथीतल्या पोरींले स्थळं येत असतीन, भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या.

दिगंबरनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी उठून कडुलिंबाखाली गेलो. तिथे एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं मला गाठून विचारलं, लग्न न झालेल्या पोरीची घागर भरता येते का, शास्त्र काय म्हणते. शास्त्र काय म्हणतं ते मला आठवत होतं, म्हणून मी आठवत नाही असं सांगितलं आणि भरा म्हणालो.

सकाळी काम सुरू झालं. अशा उन्हात जलरंग काढणं ही एक शिक्षा आहे. कागदावर रंगाचा ओघळ निम्मा उतरेपर्यंत वरचा वाळून जातो आणि मध्ये कडा पडते, गालावर नदी वाहिल्यासारखी. दिगंबरनं नव्या कागदाखाली ओलं पोतं अंथरलं, दारावर दुसरं टांगलं. अशी सोय ज्यांना करता येत नसेल त्यांनी इकडे रंग आणू नयेत. नाकडोळे अनसूयाबाईंना पसंत पडले; भांडण त्यांच्याशी नव्हतंच. राहिला रंग.

"कशी होती, बाई?"

"काळी."

"काळी म्हणजे?"

त्या उठल्या आणि डाव्या हातात चिंचोका, गूळ आणि तव्यावर भाजलेल्या तुरीचे दाणे घेऊन आल्या. दिगंबर वेगळ्या कागदावर एकेक ठिपका लावी, आणि त्या मान हलवत. चिंचोका लाल पडला. गूळ पिवळा. तूर जवळ आली, पण तिच्यात जीव नव्हता. दिगंबरनं निळा वाढवला तर ठिपका राखेसारखा झाला; तो बदलायला तांबडा घातला तर विटेसारखा. ठिपक्यांची रांग लांबत गेली आणि अनसूयाबाई प्रत्येक ठिपक्याकडे पाहून अधिकाधिक घाबरत गेल्या. शेवटी त्या खालीच बसल्या.

"मलेच आता याद येत नाई, मास्तर," त्या म्हणाल्या. "मी माय हाव तिची."

मग त्यांनी मान वर केली आणि दाराकडे पाहिलं. सखारामजी तिथे नव्हते. ते सकाळपासून गोठ्यात होते.

"त्यायले बोलवा," त्या म्हणाल्या. "रंग त्यायचा होता तिचा."

सखारामजी यायला तयार होईनात. बैलाला पाणी पाजायचं होतं, दावं तुटलं होतं. मी बोलवायला गेलो तेव्हा ते तेच दावं हातात धरून उभे होते आणि ते तुटलेलं नव्हतं.

"मी गोरा असतो तं झालं असतं तिचं," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "तिची माय पाहा कशी उजळ हाय. पोरीनं माहाच रंग उचलला. पयल्या स्थळाच्या मानसानं तिच्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं, न् हासला. म्हनून मी सांगतलं मास्तरले, माहा रंग काढून टाका म्हनून."

आता सगळं सरळ दिसत होतं. मी पोथी काढली नाही. "चला," म्हणालो.

ते आले. हातांचा उपयोग नव्हता. ते उन्हानं करपलेले. दिगंबर म्हणाला, बंडी काढा. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन कधी पोचलं नव्हतं, तिथे तो रंग होता. सखारामजी बाजेवर बसले, दंड उचलून डोक्यामागे धरला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. दिगंबरनं आधी वेगळ्या कागदावर ठिपका लावून तो जुळवला, मग चित्रातल्या चेहऱ्यावर पिवळ्या मातीचा पातळ थर दिला, वाळू दिला. वर बर्न्ट सायना, वाळू दिला. मग निळ्याचा इतका हलका हात की मला तो दिसलाच नाही, फक्त खालचं सगळं एकदम खोल झालं. कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर त्यानं कागद राखला होता. पोलक्याचा गडद हिरवा शेवटी भरला, आणि त्या वैऱ्याच्या शेजारी गालातला तांबूसपणा वर आला, जो कुंचल्यानं कधी लावलाच नव्हता.

अनसूयाबाई चित्राकडे पाहत नव्हत्या. त्या नवऱ्याच्या दंडाकडे पाहत होत्या. मग चित्राकडे पाहिलं.

"हाय," त्या म्हणाल्या. "हेच हाय."

सखारामजींनी बंडी घातली. चित्रासमोर ते उभे राहिले नाहीत. ठिपक्यांच्या कागदावरचा शेवटचा ठिपका, जो दंडाशी जुळला होता, तो त्यांनी दिगंबरला विचारून फाडून घेतला आणि बंडीच्या खिशात ठेवला. आखाजीला थांबा, असा आग्रह झाला. आम्ही थांबलो नाही. निघताना पाहिलं, नवी घागर उतरंडीशेजारी पालथी ठेवली होती आणि चित्र आतल्या खोलीत, उजेड कमी तिथे, टेकवलेलं होतं. दमणीत दिगंबर एकच वाक्य बोलला. "बापाला रोज ते पाहावं लागेल."

आपण बरं केलं की वाईट, हे त्याला मला विचारायचं होतं असं वाटतं.

घरी येऊन आता पंधरवडा होतो. काळ्या रंगाची वडी मी पुन्हा आणलेली नाही. माझी माती तपकिरी-निळी निघते, सरोवरांतला चिखल बराच कमी झाला आहे. शिकायला जायचं तर कळंबच्या चहासकट सगळं सोसण्यासारखं आहे, एवढं वाचकांना सांगतो. तो सावळा रंग मात्र मला जमलेला नाही. जोडीतले दोन्ही रंग माझ्याकडे आहेत, दंड नाही.

परत आलेलं गोरं चित्र दिगंबरनं मला देऊन टाकलं. कागद भारी आहे, ओल्या स्पंजानं पुसून कोऱ्यासारखा वापर, म्हणाला. मी दोनदा स्पंज भिजवला. काल सौभाग्यवतींनी कपाटामागून ते काढलं आणि विचारलं, "अगबाई, ही कोण हो? छान आहे मुलगी."

"कोणी नाही," मी म्हणालो.

चित्र पुन्हा कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे. पुसायचं राहूनच जातं.