मी गाळलेली दोन वचनं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, पाळकसाहेबांजवळ नाही — आणि खरं सांगू? प्रार्थनेतसुद्धा सरळ शब्दांत नाही. देवाला ठाऊकच आहे, असं म्हणायचं आणि पुढं जायचं. तुम्हालाच का सांगते आहे, ते माझं मलाही नीट कळलेलं नाही.

आधी सासूबाईंचं सांगायला हवं. सोलापुरात गिरणीजवळच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. हे पहाटेच्या पाळीला जात. मी मुलींच्या शाळेत शिकवायची, ती शाळा दहाला भरे. मधल्या वेळात, भाकरी झाल्या की, मी सासूबाईंना शास्त्रातला एक उतारा वाचून दाखवायची. मोतीबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. गुडघे धरले होते, त्यामुळं चर्चला जाणंही सुटलं होतं. वाचायला तर त्या कधी शिकल्याच नव्हत्या. म्हणजे शास्त्र त्यांच्यापर्यंत पोचायचं ते एवढंच — माझ्या तोंडून. हे लक्षात ठेवा.

ऐकून झालं की त्यातलंच काहीतरी उचलून त्या दिवसाची प्रार्थना करायच्या. विहिरीवरच्या शोमरोनी बाईचं वाचलं, तर चाळीच्या नळावर भांडणाऱ्या बायांसाठी. पेरणाऱ्याचा दाखला वाचला, तर अक्कलकोटाकडच्या आपल्या माहेरच्या कोरड्या रानासाठी. शेजारचं तापानं फणफणलेलं पोर, गिरणीत यांच्यावर मुकादमी करणारा खाष्ट जॉबर, माझ्या वर्गातल्या मुली — सगळ्यांची नावं यायची. एक नाव मात्र यायचं नाही.

सुगंधा. त्यांची लेक, माझी नणंद. साखर पेठेतल्या एका तेलुगू विणकराशी तिनं लग्न केलं. तो आपल्या धर्मातला नाही, म्हणून सासूबाईंनी तिला उंबऱ्याबाहेर काढलं, आणि पुन्हा तिचं नाव घ्यायचं नाही असं घरात सांगितलं. यांनी मान खाली घातली. लोकांना ठाऊक होतं ते एवढंच.

लोकांना ठाऊक नव्हतं ते असं — लग्नाआधी वर्षभर सुगंधा सगळं मला सांगत होती. आम्ही दोघी एका वयाच्या. तिच्याबरोबर जाऊन मी त्या माणसाला भेटले होते, त्याच्या मागापाशी बसून चहा प्याले होते. चांगला माणूस होता. मीच तिला म्हटलं होतं, तू भिऊ नकोस, वेळ आली की आईंशी मी बोलेन.

वेळ आली. सासूबाईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुला ठाव हुतं का गं?" सुगंधा माझ्याकडं बघत उभी होती.

मी म्हटलं, "नाही."

तिनं एक शब्द काढला नाही. ट्रंक उचलली आणि गेली.

हा भित्रेपणा. पण एवढ्यावरच थांबले असते, तर आज हे सांगायला बसले असते का?

काही महिन्यांनी मत्तयाचं शुभवर्तमान लागलं. पाचव्या अध्यायात दोन वचनं आहेत — वेदीपाशी दान घेऊन आलास आणि आपल्या माणसाचं मन दुखावलेलं आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, अशा अर्थाची. जिभेच्या आधी माझी नजर तिथं पोचली. हे ऐकून सासूबाई काय करतील, ते मला लख्ख दिसलं. सुगंधा घरी येईल. आणि मग कधीतरी म्हणेल, वहिनीला सगळं ठाऊक होतं —

मी ती दोन वचनं गाळली. आवाज जरासुद्धा अडखळला नाही. मास्तरीण ना मी.

पुढं ते सोपं होत गेलं. सातांच्या सत्तर वेळा क्षमा गाळली. उधळ्या पुत्राचा दाखला आला, तर पानच उलटलं. एकदा सासूबाईंनी आपणहून विचारलं, "मास्तरीण, लेकरू घरातनं गेलं तर आईनं काय करावं, ह्ये शास्त्रात कुटं हाय का?" मी म्हटलं, पुढं येईल, आई. सहा वर्षं मी असंच वाचत राहिले.

मग एके दिवशी बाजारात सुगंधाच समोर आली. कडेवर मुलगी. मी भाजीच्या गर्दीत शिरणार, तोच तिनं वहिनी म्हणून हाक मारली. टोमणा नाही, काही नाही. आई बरी आहे का, गुडघे कसे आहेत, सकाळची प्रार्थना चालते का, असं विचारत राहिली. मग म्हणाली, "त्या वेळेला मीही बसते, वहिनी. तिथं आज काय वाचलं ते ठाऊक नसतं. मग पूर्वीचं आठवेल त्यावरून करते."

मी घरी कशी आले, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शास्त्रातली वाचनाची खूण दुसरीकडं होती, तरी मी मत्तयाचा पाचवा अध्याय काढला. या खेपेला आवाज अडखळला. सासूबाई म्हणाल्या, "फिरून वाच." मी पुन्हा वाचलं. आता प्रार्थना सुरू होईल म्हणून मी डोळे मिटले, हात जोडले.

"टांगा सांग," त्या म्हणाल्या. "प्रार्थना आल्यावर."

साखर पेठेत त्यांना धरून उतरवलं, तेव्हा आतला माग थांबला. सुगंधा दारात आली आणि तिथंच उभी राहिली. सासूबाईंनी हात पुढं करून तिचा चेहरा चाचपला, मग नातीचा. ती पोर न भिता त्यांना अव्वा म्हणाली — त्यांच्या भाषेत आजीला तसंच म्हणतात. आईच्या खांद्यावरून सुगंधानं माझ्याकडं पाहिलं. आता ती बोलेल म्हणून मी उभी राहिले. ती चहा ठेवायला आत गेली. तेव्हाही बोलली नाही, पुढंही कधी नाही.

सासूबाई त्यानंतर चार वर्षं जगल्या. सुगंधा, जावई, नात — दर रविवारी घर भरून जायचं. जावई त्यांना हाताला धरून चर्चच्या पायऱ्या चढवायचा. रोजच्या प्रार्थनेत आता ती तीन नावं सगळ्यांच्या आधी यायची. आणि शेवटी माझं. हिच्या तोंडून तू मला वाट दावलीस, देवा, हिला सुखात ठेव — असं, रोज.

सहा वर्षं मी एका आंधळ्या आईपासून तिची लेक अडवून धरली होती. आणि ती माझ्यासाठी सुख मागायची, तेव्हा शेजारी बसून मी आमेन म्हणायची.