गाठीवर तुटणारं सूत

"सुताक विचार, माणसाक नको," असं सेलेस्तीनबाय कायम म्हणायची.

ओरोसजवळच्या एका लहान कारखान्यात तिने बावीस वर्षं सूत तपासलं. तिथे कृत्रिम राळेचे, म्हणजे नायलॉनचे, पांढरे दाणे वितळवतात आणि साच्यातून दाबून काढतात. आपण तांदळाच्या उकडीचे शेवयांसारखे शिरवाळे काढतो ना, तसंच. फक्त तिथली तार केसाहून बारीक. ती थंड करायची, ताणायची, पिळायची आणि रिळावर गुंडाळायची. मालवणच्या किनाऱ्यावर त्याच सुताची जाळी विणतात.

गेल्या जुलैत मालवणचा हरिश्चंद्र टेंपो घेऊन सूत न्यायला आला. मासेमारी सुरू व्हायला पंधरा दिवस उरले होते आणि त्याची जाळी विणायची बाकी होती.

"बाय, यंत्राने पास केलंय. सही करा," नवा मॅनेजर दत्तप्रसाद म्हणाला.

"यंत्र सरळ ओढता रे. जाळ्यात सरळ काय आसा? सगळ्यो गाठीच."

हरिश्चंद्र वैतागला. "बाय, दर्यो तुज्या सहीसाठी थांबूचो नाय!"

"मगे तूच मार गाठ." तिने सूत त्याच्या हातात दिलं.

त्याने जाळ्याची गाठ मारली, थुंकी लावून आवळली. तिने दोन्ही टोकं यंत्राच्या चिमट्यांत धरली. सरळ सुताने वीस किलो झेलले होते. गाठ एरवी बारा झेलते. ही सातावरच तुटली.

"दाणे ओले रवले," ती म्हणाली. पावसाळी हवेत दाणे ओल धरतात, ते नीट सुकवावे लागतात; नाहीतर सूत ठिसूळ होतं आणि गाठीवर तुटतं. दत्तप्रसादाने मान खाली घातली. सुकवायचा वेळ त्यानेच कमी केला होता.

हरिश्चंद्र तुटलेल्या गाठीकडे बघत राहिला आणि मग हसला. "बायलेचा कधी ऐकलंय नाय. तुजा ऐकूक व्हया."

"सांगतंय तिका. खूश जातली."

दाणे पुन्हा सुकवले, नवं सूत काढलं. चार दिवसांनी हरिश्चंद्र परत आला. त्यानेच गाठ मारली. काटा बारावर गेला, बाराच्याही पुढे सरकला. सेलेस्तीनबायने सही केली. दत्तप्रसादाने तपासणीच्या कागदावर पट्टी ठेवून एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'गाठ'.

तिने डबा पिशवीत टाकला, छत्री उघडली आणि बांद्याची एसटी गाठायला ती निघाली. कारखान्याच्या दारात दत्तप्रसाद आणि भरलेल्या टेंपोत बसलेला हरिश्चंद्र, दोघेही ती वळणाआड जाईपर्यंत बघत होते.