झटकलेला कागद

खडी क्रशरवरची धूळ मोजणं हे माझं काम. यंत्रात पांढरा कागद लावायचा, दिवसभर त्यातून हवा ओढू द्यायची आणि कागदाचं वजन किती वाढलं ते पाहायचं. त्या संध्याकाळी झाकण काढलं, तर कागद जवळजवळ कोराच!

"लई मळला हुता, साहेब. म्या झटकून ठिवला," खडीच्या पाट्या वाहणाऱ्या सखूबाई म्हणाल्या. त्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. "आमच्या धुळीनं तुमची वस्तू कशाला खराब व्हावी?"

दिवस फुकट गेला होता. मी चिडून बोलणार, तोच पत्र्याच्या भोकातून आलेल्या तिरिपीकडे लक्ष गेलं. तिच्यात कण तरंगत होते. जाड धूळ निदान खाली तरी बसते, झाडली की निघते. बारीक धूळ बसायचं नावच घेत नाही. कुणीतरी श्वास घेईपर्यंत ती हवेतच रेंगाळते. आणि तिरिपीत उभ्या राहून सखूबाई माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

"मावशी, जरा बाजूला या," मी घाईघाईने म्हणालो.

त्या हलल्या नाहीत. त्यांना खोकल्याची उबळ आली होती. ज्या हातानं कागद झटकला, त्याच हातानं त्या आपल्या छातीवर थापट्या मारत होत्या.